उंबऱ्याशी थांबणारा तलाठी

११ नोव्हेंबर, सोमवार
जनावरांच्या दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, रोज लिहा. किती वेळ चाललात, कुत्रं कुठं अडलं, कुणावर गुरगुरलं. औषधांचं रजिस्टर लिहिता तसंच. म्हणून दवाखान्यातली एक कोरी वही आणली. विचारून.

कुत्रं: तलाठी. गावठी, तांबूस, वय अंदाजे पाच. डाव्या कानाचा शेंडा तुटलेला. अण्णाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. अण्णा मेंढरं घेऊन निघाला की हे पुढं पळून एकेक बांध हुंगून यायचं, मोजणीला आल्यासारखं. म्हणून अण्णानंच हे नाव ठेवलं. पुढं नुसतं त. लिहितो.

तक्रार: चावतं. पाडव्याला गौरीच्या मनगटाला चावलं. गौरी अण्णाची मुलगी, पाच वर्षांची. दोन दात रुतले. इंजेक्शनं चालू आहेत. उद्या दहा दिवस पुरे होतात, त. पिसाळलेलं नाही. खातं, पितं.

वहिनी गौरीला घेऊन सिरसाळ्याला माहेरी गेली. काल फोनवर म्हणाली, "भाऊजी, संक्रांतीपर्यंत वाट बघते. तवर ते कुत्रं सुधारलं न्हाई तर गौरीचं नाव हितल्या शाळेत घालते. मंग आमची वाट बघू नका."

आई कुत्र्याला जाऊ देणार नाही. विषयच काढू देत नाही.

१२ नोव्हेंबर
मॅडमनी विचारलं, घरात त्याला रागावतं कोण?
म्हटलं, कुणी नाही.
का?
सांगता आलं नाही. मी त्यांच्या दवाखान्यात परिचर आहे. जनावर खोड्यात घालणं, सुया उकळणं, पट्ट्या. घरचं बोलायची सवय नाही. इथं लिहितो.

अण्णा सप्टेंबरच्या शेवटी वीज पडून गेला. वर माळावर, वाळक्या बाभळीखाली. पितरांचा पंधरवडा चालू होता. त. त्याच्याशेजारी बसून होतं, अंगावरचा केसही जळला नव्हता. माणसं जवळ येऊ देईना. शेवटी घोंगडी टाकून धरलं.

दहाव्याच्या रात्री आमच्यात पीठ पसरतात. माणूस जिथं शेवटचा निजवला होता तिथं ज्वारीचं पीठ चाळून, मधे दिवा, वर टोपलं पालथं. सकाळी वडीलधारे टोपलं उचलतात. पिठात जे उमटलं असेल त्या जन्माला माणूस गेला. मुंगीची रांग, पाखराचा पाय, काहीही. वडिलांच्या वेळी काहीच उमटलं नव्हतं. आई अजून ते काढते.

अण्णाच्या पिठात कुत्र्याचा पाय होता. स्वच्छ. चार बोटं, मधली गादी.
तेवढ्यात त. घरात आलं, अण्णाच्या खाटेवर चढलं आणि निजलं. आई खाली बसली आणि तिनं त्याचे पाय धरले.

त्या दिवसापासून ते तलाठी नाही. आई त्याला शिवा म्हणते. अण्णाचं नाव.

१४ नोव्हेंबर
मॅडमना सांगितलं. पीठ, टोपलं, सगळं. हसतील वाटलं. हसल्या नाहीत.

म्हणाल्या, म्हणजे आधी त्याला जेवण, मग घराला?
हो.
खाट त्याची?
हो. गादीसकट.
आणि गौरी?
पाडव्याला आईनं तिला सांगितलं, बाबाच्या पाया पड. त. थाळीत तोंड घालून होतं. गौरी वाकली.

मॅडमनी पेन मिटून टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला घराचा कर्ता केलंत. ते त्याला झेपत नाहीये. घाबरलंय, म्हणून चावतंय. कुणीतरी शांतपणे पुढं व्हा. मारायचं नाही, ओरडायचं नाही, आर्जवंही नकोत. पुढं चालायचं. ते मागं आलं की प्रेम करायचं."

सांगितलेलं क्रमानं: दोर ढिला. दारातून आधी मी, मग ते. जेवण माझ्या हातून, बसल्यावर. डोळ्यात रोखून बघायचं नाही. ते शांत असेल तेव्हाच पाठीवर हात.

सोपं आहे. फक्त त्याला "बस" म्हणावं लागेल.

१७ नोव्हेंबर, रविवार
सकाळी ६. वीस मिनिटं. गाव रिकामं. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतरच कारखान्याला गेल्या. आमच्या गल्लीत अकरा दारं, आठांना कुलूप. म्हातारी माणसं आणि कुत्री राहिलीत. आपल्या पावलांचा आवाज भिंतीवरून परत येतो.

त. पुढं ओढतं. ओढू दिलं. थांबलो की तेही थांबतं, मागं बघत नाही.

मागं राहिलेली सहा कुत्री आमच्या घरासमोर येऊन बसलेली. टोळीवाल्यांची. भुंकत नाहीत. पूर्वी एकमेकांना बघवत नसत. अंगणाकडं तोंड करून ओळीत.

समोरचे तात्या खाटेवरून म्हणाले, "मौतीला बसल्यावानी बसत्यात रोज. हाकललं तरी जात न्हाईत बे." तात्यांचा एक पाय गुडघ्याखाली नाही, दिवसभर तिथंच असतात. गल्लीची सगळी खबर त्यांच्याकडं.

२१ नोव्हेंबर
बस म्हणून बघितलं. तोंडातून निघालं नाही.

अण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा शाळा सोडून मेंढरांमागं गेला, मला बारावी केलं. त्यानं सांगायचं, मी करायचं. भांडणं झाली नाहीत कारण मी कधी बोललोच नाही.

आईनं बघितलं. "काय म्हनत हुतास त्याला?"
"काय नाही."
"थोरला हाय तुजा."

२४ नोव्हेंबर, रविवार
अण्णा गेला त्या दिवशी वडवणीला दवाखान्याच्या मागच्या दारात उभा होतो. तीन वाजता. धारूरच्या अंगाला आभाळ काळं-निळं, खाली विजा. अण्णा माळावर आहे, ठाऊक होतं. मोबाईल हातात होता. फोन करून म्हणावं, खाली ये. एवढंच.
केला नाही. अण्णाला खाली ये असं आपण म्हणत नाही. त्याला माळ ठाऊक, आभाळ ठाऊक. मी कोण?
चारच्या सुमाराला गेला.

हे कुणाला सांगितलेलं नाही.

२५ नोव्हेंबर
आज म्हटलं. "बस."

वाडग्यात, मेंढरं कोंडतो त्या कुंपणात. आई ओढ्याला गेलेली. भाकरीचा कुटका मुठीत. आवाज मोठा नव्हता, पण माझा वाटला नाही. जाड, खालचा. एकवीस मेंढरं रवंथ करायची थांबली आणि सगळ्यांनी माना वर केल्या.
त. बसलं. लगेच.
कुटका दिला. हात चाटला नाही, बोटंही धरली नाहीत. अलगद घेतला. माझ्याकडं बघत नव्हतं. माझ्या खांद्याच्या थोडं वर.

पाठीवर हात ठेवला. अंग थरथरत होतं, मग थांबलं. खोल श्वास सोडला. मीही.

२९ नोव्हेंबर
सकाळ ३० मि., संध्याकाळ २०. ओढणं कमी. आता माझ्या गुडघ्यामागं चालतं. तात्यांवर गुरगुरलं नाही.

तात्या: "लई भारी. आता लगीन तेवडं लावून टाक त्याच्याशी. पोरी तर कुनी देत न्हाई तुला."
म्हटलं, "मान त्याच्याकडचा मोठा, हुंडा परवडणार नाही."
तात्या इतके हसले की खोकला लागला. सप्टेंबरनंतर मी पहिल्यांदा काही बोललो म्हणे.

३ डिसेंबर
दाराचं सुरू केलं. मी आधी आत, त. उंबऱ्याबाहेर बसून. मग "ये".

आई चुलीपुढं होती. सरळ माझ्यावर आली. "त्याच्या घरात त्यालाच दारात बशिवतोस? लाज हाय का? तू बारावी केलीस ती कुनाच्या जिवावर?"
तिनं थाळी उचलली, जर्मनची, अण्णाचीच, आणि बाहेर नेऊन त्याच्यापुढं ठेवली. "खा रं माज्या शिवा."
त. गुरगुरलं. आईच्या हातावर ओठ वर गेले, दात दिसले.
मी म्हटलं, "बस." बसलं. थाळीपासून तोंड फिरवलं.
आई तिथंच उभी. मला वाटलं मारेल. ती कुत्र्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती. मग आत गेली. जेवली नाही.

८ डिसेंबर, रविवार
दाराबद्दल लिहायचं राहतंय.

मी उंबरा ओलांडतो. वळतो. "ये" म्हणतो. त. उठतं, पण येत नाही. मान जरा वर करून उंबऱ्याकडं बघतं. तोंड डावीकडून उजवीकडं, हळू. मग येतं.
आधी वाटलं, समजलं नाही. आज मनात मोजलं. तेवढ्या वेळात माझ्यामागून अजून एक माणूस सावकाश आत आला असता.

सहाही वेळा तसंच. दवाखान्याच्या दारात केलं नाही. तिथं म्हटल्याबरोबर आलं. फक्त घरी.

मॅडमना म्हटलं. "नवी सवय आहे, थोडं चुकतंय. दुरुस्त करू नका, आपोआप जाईल."

१२ डिसेंबर
त. रोज चार वाजता माळावर जातं, ते तात्यांनी आधी सांगितलं होतं. आज रजा काढून मागं गेलो.

त्या बाभळीखाली बसलं. झाड एका बाजूनं काळं, सालपटं लोंबलेली. वारा नव्हता. त. वर बघत होतं, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. शेपूट मातीत हळू हलत होती. मग मान फिरवली, आणखी फिरवली, कुणी चालत बांधाकडं गेल्यासारखी. उठलं, आठ-दहा पावलं गेलं, पुन्हा बसलं.
कुणी बस म्हटल्यासारखं.

मी खालच्या बांधावर. पाऊण तास. हाक मारता आली नाही. मेंढरं नव्हती, माणूस नव्हतं. मोटारीचा आवाज सुद्धा नाही. परत आलं तेव्हा शांत होतं, डोळे निवलेले. दोर न लावता माझ्यामागं घरापर्यंत आलं.

मी वीस दिवस घासतोय ते त्याला तिथं कुणी पाऊण तासात शिकवतं काय?

१५ डिसेंबर, रविवार
सिरसाळ्याला गेलो. गौरीच्या मनगटावर दोन गुलाबी ठिपके. शेवटचं इंजेक्शन झालं.
"काका, बाबा मला कावून चावला?"
वहिनी ताटातली भाकरी मोडायची थांबली.
म्हटलं, बाबा नाही चावला. तलाठी चावला. तो घाबरला होता.
"पन आजी म्हनती…"
वहिनी उठून आत गेली. जाताना म्हणाली, "माज्या लेकराला बापाचं भ्या वाटायला लागलं, भाऊजी. कुत्र्याचं न्हाई. बापाचं."

बसमध्ये तेच. परळीचा रस्ता कसा सरला कळलं नाही.

हे माझ्यामुळं. आता लिहितोच. मॅडमना वही दाखवताना हे पान काढून ठेवीन.

टोपलं मी आधी उचललं होतं. पहाटे, कुणी उठायच्या आधी. मला थांबवेना. अण्णा कुठं गेला ते मला आधी बघायचं होतं, सगळ्यांच्या देखत नाही. दिवा विझलेला. पीठ कोरं होतं. काही नाही, एक रेघ नाही. वडिलांसारखंच. मी टोपलं धरून तसाच बसलो. गुडघ्याला ऊब लागली, धापेचा आवाज. तलाठी येऊन उभं राहिलेलं. त्यानं पाय पुढं टाकला, पिठात. मी ढकललं. गेलं. पुसून टाकावं म्हणून हात पुढं केला आणि आईची कूस बदलल्याचा आवाज आला. टोपलं पालथं घालून अंथरुणात शिरलो.

सकाळी सगळ्यांनी बघितलं तेव्हा बोलायला हवं होतं. आईनं पाय धरायच्या आधी. आईचा चेहरा असा झाला होता… बोललो नाही. मी बोलत नाही.

१९ डिसेंबर
३५ मि. चांगलं. हातातून खातं. आईच्या थाळीकडं जात नाही. आईनं दोन दिवस ठेवली, तिसऱ्या दिवशी ठेवली नाही.
खाटेवर अजून निजतं. तिथून उठवायची हिंमत होत नाही.

२२ डिसेंबर, रविवार
काल बीडला मीटिंग. सकाळी साडेपाचला निघालो, रात्री आठला परत. चालवलं नाही, आईला विचारण्यात अर्थ नव्हता.

आज सकाळी तात्या: "काल कुनाला सांगून गेलतास?"
"कशाला?"
"कुत्र्याला फिरवायला."
"कुणालाच नाही."
"मंग सहाला कसं गेलं ते? देवळापर्यंत, तिथून खाली. दोर न्हाई, काय न्हाई. मधीच थांबायचं, बसायचं, उठायचं. तुज्यासंगं चालतं तसंच, मागं-मागं. फकस्त म्होरं तू न्हवतास." तात्यांनी विडी विझवली. "आन ती बाकीची सहा उठून हुबी राह्यली बे. वाट दिली."

सवयीनं गेलं असेल. जनावरं वेळेची पक्की असतात. म्हैससुद्धा.

२८ डिसेंबर
थंडी. सकाळी धुकं, माळ दिसत नाही. त. गुडघ्यामागं. मधे मधे मागं वळून बघतं, खात्री करून घेतल्यासारखं. मी वळलो नाही. मॅडमनी सांगितलंय, पुढं असणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही, भरवसा जातो. तेवढ्यासाठीच वळलो नाही असं लिहितो.

२ जानेवारी
मॅडमनी स्वतः येऊन बघितलं. चहा घेतला. त्यांच्याबरोबर त्यांची सात वर्षांची पुतणी होती, तिच्या हातून त. नं कुटका घेतला, दात न लावता. "झालं की हो तुमचं काम! आता एकच. लांबून हाक मारली की यायला हवं. मूल समोर आलं, काही झालं, तर एका शब्दावर परत. ते आलं की मी खात्रीनं सांगेन."

दारातून आम्ही आत गेलो. मॅडम, पुतणी, मी. त. थांबलं. मॅडमनी बघितलं. घड्याळ बघितलं. जाताना चप्पल घालताना म्हणाल्या, "तुमचे बंधू उंच होते का?"
हो म्हटलं.

५ जानेवारी, रविवार
हाक. अंगणातून येतं. ओढ्यावरून येतं. चारनंतर माळावरून येत नाही. तीन वेळा केलं. ऐकतं, कान हलतात. बघतं त्या दुसऱ्याकडं. येत नाही.
संक्रांतीला नऊ दिवस.

९ जानेवारी, गुरुवार
चार वाजता खालच्या बांधावर उभा राहिलो. ऊन पडलेलं. त. बाभळीखाली, मान वर.

"तलाठ्या, ये." नाही.
पुन्हा. नाही.
मग काय झालं नीट सांगता येत नाही. आभाळ स्वच्छ होतं, एक ढग नाही. तरी मानेवरचे केस उभे राहिले, वीज पडायच्या आधी राहतात तसे. तोंडात पैसा धरल्यासारखी चव. आणि मी ओरडलो. "अण्णा, खाली ये. आभाळ आलंय. खाली ये."

एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात बोललो नाही.

त. नं माझ्याकडं बघितलं. मग वर, त्या जागेकडं. मग उठलं. पळालं नाही. सावकाश, एकेक पाऊल, मेंढरं उताराला लावताना अण्णा चालायचा त्या चालीनं. मधे दोनदा थांबून मागं बघितलं. माझ्यापर्यंत आलं, बसलं. मी खाली बसून त्याला धरलं. किती वेळ ते लिहीत नाही.

परत येताना पुढं मी. मागं पावलं चारच हवी होती. मोजली नाहीत.

११ जानेवारी, शनिवार
आईला सांगितलं.

ती भोगीसाठी हरभरे सोलत होती. यंदा सण नाही, तरी भाजी करते म्हणाली, शिवाला आवडते. त. खाटेवर. मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. टोपलं मी उचललं. पीठ कोरं होतं. पाय तलाठ्यानं माझ्यासमोर टाकला. खूण-बिण काही नाही. माझ्यामुळं गौरीला चावलं, माझ्यामुळं वहिनी गेली. मला तेव्हाच बोलायला हवं होतं.

आईचे हात चालूच होते. मला वाटलं ऐकलं नाही.

"तलाठ्यानं?"
"हो."
"तू बघितलंस? कान बघितला?"
"अंधार होता. पांढरं पीठ तेवढं दिसत होतं. पण दुसरं कोण असणार?"

आईनं सूप बाजूला ठेवलं. "पीठ पसरल्यावर कुत्रं-मांजर मोकळं ठिवत्यात का? वाडग्यात बांधलं हुतं मी त्याला. कासऱ्यानं, दोन गाठी. सकाळी टोपलं उचलायला सगळी जमली, तवा जाऊन सोडलं. माज्या हातानं. म्हनून तर ते आलं, खाटंवर चढलं."

मी म्हटलं, सुटलं असेल.
"दोन गाठी हुत्या तशाच हुत्या."
गावातलं दुसरं कुत्रं असेल. टोळीवाल्यांचं.
"दाराला कडी हुती आतून. तू काढलीस का?"
नाही. मी घरातच निजलो होतो.

चुलीवर पाणी उकळत होतं, कुणी उतरवलं नाही.

मग आई म्हणाली, एकदम साधं, भाजीत मीठ आहे का विचारावं तसं, "मी म्हनलं टोपल्याखाली उमटलं, मंजी शिवा कुत्र्याच्या जल्माला गेला. तसं न्हाई ते. तो कशातबी गेला न्हाई. तुज्या गुडघ्याशी येऊन हुबा राह्यला. तूच ढकललास."
आणि उठली, खाटेपाशी गेली. "तलाठ्या. ऊठ. खाली उतर."

सप्टेंबरनंतर पहिल्यांदा त्याचं नाव. त. नं कान मागं घेतले, खाली उतरलं, अंग झाडलं आणि दारात पायपुसण्यावर जाऊन निजलं. कुत्रं निजतं तसं. चारी पाय पसरून, पोट वर.

आईनं खाटेवरची गादी झटकली, नीट अंथरली. उशी ठेवली. खाट रिकामी ठेवली.

१२ जानेवारी
वहिनीला फोन. सगळं नाही सांगितलं. कुत्रं सुधारलं, मॅडमची खात्री आहे, आई त्याला तलाठी म्हणते, एवढंच.
"खरंच आत्या तलाठी म्हनती?"
आईनं फोन ओढून घेतला. "कुत्र्याला काय म्हनू मंग, सरपंच?"
पलीकडून वहिनी हसली. मग रडली.
मंगळवारी येते म्हणाली. बघून जाईन, राहायचं नंतर ठरवू.

१३ जानेवारी, भोगी
आईनं भाजी केली. बाजरीची भाकरी, तीळ लावून. ताटं तीन वाढली. तिसरं खाटेपाशी. त. त्या ताटाकडं गेलं नाही, मी बस म्हणायच्या आधीच बसलं.

१४ जानेवारी, संक्रांत
अकराच्या बसनं दोघी आल्या. त. ला दोर लावून मी अंगणात. गौरी वहिनीच्या मागं लपली. मॅडमनी सांगितलं होतं तसं: घाई नाही, वाकायचं नाही, तळहात उघडा. मी आधी कुटका दिला, मग गौरीच्या तळहातावर ठेवला.
गौरी म्हणाली, "बस." आवाज एवढासा.
त. बसलं. कुटका घेतला. तळहात चाटला. गौरी ओरडली, पण हसत. "गुदगुल्या हुत्यात!"
तात्या पलीकडून टाळ्या वाजवत होते. वहिनीनं तोंडावर पदर घेतला. समोर ती सहा कुत्री बसलेली नव्हती. आज कुठं गेली ठाऊक नाही.

मग आत निघालो. वहिनी गेली, गौरी गेली, मी गेलो. वळून म्हटलं, "ये."
त. उठलं. थांबलं.
गौरी माझा शर्ट धरून उभी. "काका, ते कुनाची वाट बघतंय?"
मी उंबऱ्याच्या आत, मधोमध उभा होतो. आई चुलीपाशी पाठमोरी होती. वळलीही नाही.
"दारातून सर," ती म्हणाली. "वाट अडवू नगंस."

मी बाजूला सरलो. भिंतीला पाठ लागली. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं, पण गौरीच्या कपाळावरची बट उडाली, एकदाच. त. नं मान डावीकडून उजवीकडं फिरवली, सावकाश, आणि मग आत आलं.
खाट करकरली. जुनी आहे, थंडीत लाकूड वाजतं.

वहिनी रविवारपर्यंत राहते म्हणाली. पुढचं पुढं.

उद्या: चालणं सकाळी ६, ३५ मि. पुढं मी, मागं त. मधे एका माणसाची जागा सोडायची.